मागील बाकी ४७ रुपये

गेल्या अंकात आमच्या चौघांच्या भटकंतीवर सहज दोन ओळी लिहून गेलो आणि या वेळी पत्रांचा गठ्ठा नेहमीच्या तिप्पट आला. संपादक म्हणाले, "मग या वेळी हाच विषय घ्या." घेतला. गुडघ्यांना कुठलं तेल लावता, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. त्यांना उत्तर नाही. तेलानं काही होत नाही, आणि होत असलंच तर ते चोळणाऱ्या माणसामुळे होतं.

नव्या वाचकांसाठी एवढंच : कंदील, पैलवान, डॉक्टर आणि मी. पैलवानाचं वजन लग्नात ४८ किलो होतं. डॉक्टर औषधांच्या दुकानात कामाला होता. कंदिलाचं पुढे येईल. मी पाटबंधारे खात्यात कारकून, हिशेबाची वही माझ्याकडे, म्हणून माझं नाव दप्तर. १९८४ च्या डिसेंबरात स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी पकडली, ती आमची पहिली खेप.

प्रश्न : आम्ही पाच मित्र १९८६ पासून वर्षातून एकदा तरी एकत्र बाहेर पडतो. यंदा सगळ्यांची साठी उलटली म्हणून मोटारसायकलवर लेहला जायचं ठरलं. पण एकाची सात महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. तो म्हणतो, "मला वगळलंत तर पुन्हा तोंड दाखवू नका." त्याच्या पत्नीचा मला फोन आला, "भावजी, ह्यांना नेऊ नका. पण मी सांगितलंय हे कळू देऊ नका." बाकीचे तिघं म्हणतात, तू ठरव. काय करू? — वि. के., कर्वेनगर

उत्तर : आधी त्या तिघांचं बघू. 'तू ठरव' याचा अर्थ असा, की नेलंत आणि काही झालं तर तुम्ही नेलंत, आणि ठेवलंत तर तुम्हीच ठेवलंत. तिघं दोन्हीकडून सुटले. त्यांना घरी बोलवा, पोहे करा आणि पाचहीजण एकत्र बसा. तो पाचवा तिथे हवा. वहिनीही हव्यात. त्यांचा निरोप गुपचूप पोटात ठेवून तुम्ही वेगळीच कारणं पुढे करू लागलात तर चाळीस वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदा खोटं बोललात असं होईल, आणि ते त्याला एका मिनिटात कळेल. त्यांना फोन करून सांगा की हे मी झाकणार नाही. त्या चिडतील. चिडू देत.

जायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं नाही, वहिनींनी नाही, आणि त्यानं तर नाहीच. ते त्याच्या हृदयरोगतज्ज्ञानं सांगायचं, आणि तेही प्रश्न पुरा विचारल्यावर. आपले लोक दवाखान्यात अर्धाच प्रश्न विचारतात. रक्तदाब वाढल्यावर आमच्या डॉक्टरनं (औषधांच्या दुकानातल्या) विचारलं होतं, "थोडं चाललं तर चालेल ना?" "चालाच," असं उत्तर आलं. एवढ्या परवानगीवर हा गृहस्थ तोरण्याला आला आणि बुधला माचीच्या खालच्या कातळाशी बसून म्हणाला, "हे थोडं नाहीये रे." तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी मित्राबरोबर जा आणि स्वच्छ सांगा : दहा-बारा दिवस मोटारसायकल, पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडी, आणि मधल्या रस्त्यात मोठं रुग्णालय नाही. मग ते ट्रेडमिलवर पळवतील, इको करतील, काय ते सांगतील. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, तेही विचारा. त्या चालू असताना गाडीवरून पडलं तर साधं खरचटणंही साधं राहत नाही, ही गोष्ट सगळे उंचीच्या चर्चेत विसरतात.

आता रस्ता. मनालीकडून जाणार असाल तर ऐका. पूर्वी रोहतांग ओलांडण्यात अर्धा दिवस मोडायचा आणि लोक शिव्या द्यायचे. २०२० साली अटल बोगदा झाला, नऊ किलोमीटरचा. आता सकाळी मनाली सोडलेला माणूस जेवायच्या आत लाहौलमध्ये पोचतो. सोय झाली, पण बोगदा झाल्याची बातमी फुप्फुसांना कुणी दिलेली नसते. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास. तिथून एका मुक्कामानंतर तुम्ही बारालाचा ला या खिंडीवर ('ला' म्हणजेच खिंड), म्हणजे ४,९०० च्या घरात, आणि रात्री सरचूला ४,३०० वर. सिंहगड १,३०० मीटर आहे. त्याच्या तिपटीहून जास्त उंचीवर पाठ टेकायची आणि म्हणायचं, झोप का येत नाही!

सरचूची गोम अशी, की तिथून सुटका नाही. उंचीचा त्रास सुरू झाला तर खाली उतरणं हा एकच खरा उपाय. पण सरचूहून मागे फिरलात तर बारालाचा पुन्हा चढावा लागतो, आणि पुढे गेलात तर नकी ला आणि लाचुंग ला आहेतच. खाली जाण्यासाठी आधी वर जायचं. हे आम्हाला २००७ साली रात्री अकरा वाजता कळलं. पैलवानाला तंबूत उलट्या सुरू झाल्या, डोकं फुटतंय म्हणाला. डॉक्टरकडे गोळ्यांचा अख्खा डबा होता. तो त्याला झोपेची गोळी देणार होता, कंदिलानं हात धरला. (उंचीवर झोपेची गोळी श्वास आणखी मंद करते. कधीही घेऊ नका.) मग कंदिलानं त्याला उशांना टेकवून बसवलं, घोट घोट पाणी पाजलं, आणि दर अर्ध्या तासानं त्याच्या शाळेतल्या वर्गशिक्षकांची नावं विचारत राहिला, पहिली ते दहावी. एक जरी नाव चुकलं, तर छावणीवाल्याला उठवून त्याच्या जीपमध्ये घालायचं आणि अंधारात खिंड ओलांडायची, असं ठरलं होतं. नावं चुकली नाहीत. पहाटे उतार पडला. पैलवानाच्या सातवीच्या बाईंचं नाव मला आजही पाठ आहे, आणि मी त्या शाळेत नव्हतो.

म्हणून डॉक्टरांनी हो म्हटलंच तर श्रीनगरकडून जा. श्रीनगर सोळाशे मीटरच्याही खाली, झोजी ला साडेतीन हजार, पण मुक्कामाला उतरायचं कारगिलला, २,७०० वर. मग फोटू ला ४,१०० आणि लेह ३,५००. दिवसा वर गेलात तरी झोप बेताच्या उंचीवर होते. तीन हजारांच्या वर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, असा साधारण नियम आहे. कारगिल ते लेह त्यात बसत नाही, म्हणून लेहला पोचल्यावर दोन दिवस काहीही करायचं नाही. बाजारसुद्धा नाही. डोकं दुखलं, मळमळलं तर ते उंचीमुळेच आहे असं धरायचं आणि पुढे चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल गेला तर रात्र असो की पाऊस, खाली आणायचं. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स नावाच्या गोळीची शिफारस कुणीही टपरीवर करतो. ती सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना चालेलच असं नाही, तुमच्या मित्राच्या बाकीच्या गोळ्यांबरोबर तर विचारूनच. आणि खारदुंग लाला फोटो काढलात तर जुन्या पाटीवरचे १८,३८० फूट खरे धरू नका. मोजणीत ती खिंड १७,५८२ फूट भरते. पुण्याच्या माणसानं पाटीवरची एवढी चूक खपवून घेऊ नये.

बरोबर एक चारचाकी न्या आणि तिची जबाबदारी त्याच्याकडे द्या. 'आजारी माणूस मागून गाडीतून येतोय' असं नाही. पंक्चरचं सामान, पेट्रोलचे कॅन, खाणं, हिशेब, सगळं त्याच्या ताब्यात. चावी मागायला तुम्ही त्याच्याकडे जायचं. पुरुषाला काळजी घेतलेली सोसत नाही, पण काम दिलेलं सोसतं. मनाला आलं तर एखाददिवस सपाट रस्त्यावर तो मोटारसायकलही चालवील.

आणि डॉक्टर नाही म्हणाले तर पाचही जणांचं लेह रद्द. चौघं जाऊन त्याला फोटो पाठवू नका. मोटारसायकलीच हव्यात ना? आपला कोकण किनारा घ्या. दिवेआगर, हरिहरेश्वर, बागमांडल्याला गाड्या फेरीबोटीवर चढवायच्या, वेसवीला उतरवायच्या, केळशी, दाभोळ, पुन्हा बोट, पलीकडे धोपावे, तसंच तवसाळहून जयगड. उंची शून्य. वाटेत मासे. आम्ही २०१६ साली पैलवानाचा गुडघा गेल्यावर असंच केलं. तो सगळा रस्ता 'तुम्ही माझ्यामुळे लिंगाण्याची चढाई सोडलीत' म्हणून कुरकुरत होता आणि दाभोळच्या बोटीवर एकाएकी म्हणाला, "मला लिंगाण्याची भीतीच वाटत होती." तीस वर्षांत हे पहिल्यांदा.

प्रश्न : माझे यजमान ५८ वर्षांचे आहेत. महिन्यातून एकदा तीन मित्रांबरोबर कुठल्या तरी गडावर जातात, रात्री येतात, बूट बाल्कनीत टाकतात. "काय बोललात दिवसभर?" विचारलं की म्हणतात, "काही नाही." बारा तास चार माणसं काहीच बोलत नाहीत, हे शक्य आहे का? की माझ्यापासून लपवतात? — सौ. म. दे., बिबवेवाडी

उत्तर : वहिनी, शक्य आहे. मी साक्षीदार आहे.

पहिला तासभर रस्त्यातल्या खड्ड्यांवर जातो. दुसरा, कुणाचा बूट कुठून घेतला आणि कितीला. मग चढ लागतो आणि कुणाला दम पुरत नाही. वर गेल्यावर डबे उघडतात. तुमच्या हातची चटणी त्यात असेल तर तिचं कौतुक होतं, ते घरी पोचत नाही हा वेगळा गुन्हा. उतरताना गुडघे. एवढंच.

पण एक सांगतो. पायवाटेला दोन माणसं शेजारी मावत नाहीत. पुढच्याची पाठ दिसते, पोटऱ्या दिसतात, चेहरा दिसत नाही. घरात, हॉटेलात, ऑफिसात माणूस समोरासमोर बसलेला असतो आणि समोरून बघणाऱ्याला काही सांगणं आमच्या पिढीच्या पुरुषाला जमलं नाही. पाठमोरं जमतं. आम्ही एकदा पौर्णिमेला कात्रज ते सिंहगड चाललो होतो. रात्री कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून निघायचं आणि एकामागून एक टेकड्या मोजत उजाडता सिंहगडाला लागायचं. लोक तेरा टेकड्या म्हणतात. आमच्या एकदा अकरा भरल्या, एकदा पंधरा. तर सातव्या-आठव्या टेकडीवर माझ्यापुढे चालणारा पैलवान मागे न वळता म्हणाला, "कंपनी बंद झाली. दोन महिने झाले." मी म्हटलं, "पुढे मुरूम आहे, बघून." पुढची टेकडी उतरेपर्यंत कुणी बोललं नाही. चढ लागल्यावर मी विचारलं, "घरी?" तो म्हणाला, "नाही सांगितलं." रोज सकाळी डबा घेऊन निघत होता आणि पर्वतीवर बसत होता.

त्यानंतरच्या महिन्यात त्याच्या बायकोला कळलं, आणि आम्हाला आधीपासून माहीत होतं हेही कळलं. तिनं आमच्याशी वर्षभर बोलणं टाकलं. तिचं बरोबर होतं. आम्हाला वाटलं होतं, आपण मित्राचं गुपित राखतोय. खरं तर त्या रात्री त्याला सिंहगडावरून सरळ घरी नेऊन दारात उभं करायला हवं होतं.

तेव्हा तुमचे यजमान काही लपवत असतीलच असं नाही. 'काही नाही' हे बहुधा खरंच असतं. पण लपवायचं असेल, तर सांगण्याची जागा त्यांना तिथे मिळते आणि घरी मिळत नाही. 'काय बोललात' विचारू नका, त्याला उत्तर नसतं. 'आज मागे कोण राहिलं?' हे विचारा. मग त्यांचं बोलणं थांबवून दाखवा! आणि अधूनमधून तळजाईच्या पायवाटेवर त्यांच्याबरोबर जा. त्यांना पुढे ठेवा.

प्रश्न : आम्ही सहा कॉलेजमित्र. ग्रुपचं नाव 'सह्याद्रीचे वाघ'. चार वर्षांत एक ट्रेक झाला. दर पावसाळ्यात पोल टाकतो, सगळे 'या वेळी पक्का' म्हणतात, आणि सगळ्यांना जमेल अशी तारीख काही निघत नाही. शिवाय दोघांकडे नीट गिअर नाही. काही युक्ती? — हिंजवडीतला एक नोकरदार, वाकड

उत्तर : अरे-तुरे करतो, राग मानू नकोस, माझा मुलगा तुझ्यापेक्षा मोठा आहे.

सगळ्यांना जमेल अशी तारीख पंचांगात नाही. तारीख विचारायची नसते, सांगायची असते. आमचा महिन्याचा तिसरा रविवार, १९८५ पासून. लग्नं, बारशी, बदल्या, परीक्षा सगळं त्याच्या आजूबाजूनं गेलं. जो येईल तो येईल, दोघं असले तरी निघायचं. न येणाऱ्याला कारण विचारायचं नाही, त्यानंही द्यायचं नाही. कारणं सांगायची पाळी आली की माणूस फोन उचलणं बंद करतो. एकदा, ८९ किंवा ९० साल असेल, मी स्वारगेटला पहाटे पाचला एकटाच उभा. तासभर वाट बघितली. वहीत नोंद आहे : 'हजर – दप्तर. ठिकाण – स्वारगेट. खर्च – चहा दोन.' घरी येऊन झोपलो. पण तो महिना कोरा गेला नाही.

दुसरं, ठिकाणावरून भांडू नका. जुलैतल्या रविवारी हरिहरच्या पायऱ्यांवर जी रांग लागते ती बघायला जायचं असेल तर लक्ष्मी रोड जवळ आहे. काहीच ठरलं नाही तर सिंहगड. आतकरवाडीतून सव्वा तास, वर ताक, अकराला घरी. आम्ही सिंहगडाला किती वेळा गेलो ते वहीवरून मोजायला घेतलं होतं, दोनशेच्या पुढे कंटाळा आला. मोठा बेत वर्षातून एकच, आणि त्याचे पैसे आधीपासून दर महिन्याला एकाच्या खात्यात जमा. पैसे अडकले की वाघ येतात.

गिअर म्हणजे काय रे? आमच्या पहिल्या खेपेला राजगडावरून तोरण्याला जायचं होतं. मार्गासनीला उतरलो आणि साखर, गुंजवणे असं चालत गेलो. माझ्याकडे जुन्या बाजारातली लष्करी पिशवी, डॉक्टरकडे शाळेचं दप्तर, पैलवानाकडे आईची वायरची पिशवी. आणि एकानं आजीचा काचेचा कंदील आणला होता, जळता नाही, भरलेला. चोर दरवाजाच्या चढावर त्यातलं रॉकेल थालीपिठांत सांडलं. रात्री पद्मावतीच्या देवळात उंदरांनी ती थालीपिठं हुंगली आणि सोडून दिली. आम्ही खाल्ली. दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीच्या आळू दरवाजातून उतरून तोरण्याच्या धारेवर दिवसभर रॉकेलचे ढेकर. तेव्हापासून त्या माणसाला कुणी खऱ्या नावानं हाक मारली नाही.

हे मौजेसाठी सांगितलं. धारेवर पाणी नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हतं आणि चौघांत दोन बाटल्या होत्या. वाचलो हे नशीब. तू माणशी तीन-चार लिटर ने, चांगल्या पकडीचे बूट घे, डोक्याला लावायचा टॉर्च घे. बाकी पाठीवरचं सामान उसनं चालतं. आणि दोराचं काम असलेल्या जागी मित्रांच्या भरवशावर जाऊ नका, रीतसर शिका. पुण्यात ती सोय उत्तम आहे. इथल्या गिरिप्रेमी संस्थेचे गिर्यारोहक २०१२ साली एव्हरेस्टवर पोचले तेव्हा पैलवानानं अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले होते. त्याचा त्या मोहिमेशी संबंध एवढाच, की तो पुण्यात राहतो.

प्रश्न : या सगळ्यात बायका कुठे आहेत? तुमच्या भटकंतीत कधी कुणाची बायको आली का? — अ. जो., एरंडवणे

उत्तर : आल्या, तीनदा. तिन्ही वेळा त्या आमच्याआधी वर पोचल्या आणि नंतर म्हणाल्या की तुमच्याबरोबर वेळ फार जातो. आता त्यांचा वेगळा गट आहे, गुरुवारचा. आम्हाला बोलावत नाहीत. पुण्याच्या कृष्णा पाटील २००९ साली वयाच्या १९ व्या वर्षी एव्हरेस्टवर पोचल्या, तेव्हा हा प्रश्न कुणी आम्हाला विचारावा अशी आमची पत नाही.

प्रश्न : आम्हा चौघांतला एक मागच्या वर्षी गेला. तेव्हापासून आम्ही तिघं कुठंच गेलेलो नाही. फोन होतात, तब्येती विचारतो, पण बाहेर पडायचा विषय कुणी काढत नाही. त्याच्याशिवाय गेलो तर बरं दिसेल का? — स. पा., शुक्रवार पेठ

उत्तर : हे पत्र दोन आठवडे टेबलावर होतं.

कंदील २०१९ च्या पावसाळ्यात गेला. घरीच, झोपेत. त्या महिन्याचा तिसरा रविवार गेला, पुढचाही गेला. मग लॉकडाऊन आला आणि आम्हाला आयतं कारण मिळालं. खरं सांगायचं तर ते आम्हाला बरंच वाटलं. तिघंही वाट बघत होतो की दुसऱ्यानं विषय काढावा, आणि दुसऱ्यानं काढला तर त्याला निर्दय म्हणावं.

२०२२ च्या जानेवारीत एका रविवारी पहाटे बेल वाजली. पैलवान. पाठीला पिशवी, खाली रिक्षात डॉक्टर. म्हणाला, "तिसरा आहे. वही घे." सिंहगडाला गेलो. वाटेत कुणी त्याचं नाव काढलं नाही. देवटाक्यापाशी बसून हजेरी मांडायला वही उघडली आणि तिथे अडलो.

आमच्या वहीच्या प्रत्येक पानावर पहिली ओळ ठरलेली : 'मागील बाकी – कंदील – ४७ रुपये.' १९९१ साली हरिश्चंद्रगडाला जाताना खुबी फाट्याला उतरलो आणि हा म्हणाला, पाकीट घरी राहिलं. त्याचं जेवण, परतीचं तिकीट, एक बॅटरी, असे मिळून ४७. पुढच्या महिन्यात देतो म्हणाला. पुढच्या महिन्यात म्हणाला, व्याज मागू नका. त्याच्या पुढच्या महिन्यात म्हणाला, हे फेडलं तर तुम्ही मला बोलवायचं बंद कराल. नंतर तो चांगला कमवायला लागला, कारगिलला आमच्या चौघांचं जेवण त्यानं दिलं, मुलाच्या लग्नात तर विचारू नका. पण ४७ दिले नाहीत. अठ्ठावीस वर्षं मी दर महिन्याला ती ओळ पुढच्या पानावर ओढली.

डॉक्टर म्हणाला, "आता खोडून टाक." मी हाडाचा सरकारी कारकून. म्हटलं, येणे रक्कम अशी खोडता येत नाही, तिचं निर्लेखन करावं लागतं आणि निर्लेखनाला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. पैलवान म्हणाला, "सक्षम अधिकारी कोण?" मी म्हटलं, "या प्रकरणात तोच." मग तिघंही हसलो, आणि ते हसणं जरा जास्त वेळ चाललं. शेजारच्या टोळक्यातल्या मुलीनं आम्हाला पाणी आणून दिलं. ओळ पुढे ओढली. खाली लिहिलं : 'हजर – तीन.'

बरं दिसेल का, असं विचारता. कुणाला? तुमच्या त्या मित्रानं गेल्या वर्षी काय ठरवलं होतं, ते आठवा आणि तिथे जा. पहिल्या खेपेला लांबचं नको, अवघड नको. जेवायला बसलात की कुणीतरी चौथी पत्रावळ मांडील. मांडू द्या, आणि त्यातलं खाऊन टाका.

आमच्या इथे मात्र नवीनच प्रकरण उपस्थित झालंय. गेल्या अंकात मी या ४७ रुपयांचा उल्लेख केला होता. तो कंदिलाच्या मुलानं वाचला. परवा फोनवर पैसे जमा झाल्याचा संदेश आला : ४७ रुपये, खाली 'बाबांचे'. मी तत्काळ परत पाठवले आणि लिहिलं, 'रोख, जागेवर.' पाच मिनिटांनी त्याचा फोन. जागा कुठली म्हणाला. येत्या तिसऱ्या रविवारी आम्ही पाली दरवाजानं राजगडाला निघालोय, गुंजवण्याचा चढ आता गुडघ्यांना झेपत नाही. सुटे घेऊन येतो म्हणाला. मग जरा थांबून विचारलं, बाबांचे ट्रेकचे बूट माळ्यावर आहेत, मला होतात, ते घालू का. मी नको म्हटलं. इतकी वर्षं पडून राहिलेल्या बुटाचा तळ पहिल्याच चढावर निघून हातात येतो. आपले रोजचे घाल, म्हटलं, आणि दोन बाटल्या पाणी जास्त घे, डॉक्टर आणत नाही.